पश्चिमेची मोकळी बाजू

धूमकेतू पाहायचा असेल तर आकाशाची माहिती नंतर लागते. आधी लागते ती जमिनीची. आपल्या घरापासून किती अंतरावर पश्चिम मोकळी आहे, कोणत्या रस्त्याला दिवे कमी आहेत, कुठला डोंगर नेमका सूर्य मावळतो त्याच जागी आडवा येतो, या गोष्टी ज्याला ठाऊक नाहीत त्याने घरी बसून छायाचित्रांवर समाधान मानलेले बरे. याचे कारण साधे आहे. धूमकेतूचे केंद्रक म्हणजे धूळ, खडक आणि गोठलेले वायू यांचा काही किलोमीटरांचा काळाकुट्ट गोळा. सूर्यापासून दूर असताना तो मोठ्या दुर्बिणीतूनही जेमतेम दिसतो. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते, ती वाफ धूळ घेऊन बाहेर पडते आणि मग तो उजळतो. म्हणजे तो सर्वांत तेजस्वी असतो तेव्हा बहुधा सूर्याच्याच शेजारी असतो, आणि आपल्याला दिसतो तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा सूर्योदयापूर्वी पूर्वेला, क्षितिजापासून हात-दोन हात वर. १९९६ च्या मार्चमधील ह्याकुताकेसारखा एखादाच असा, की जो पृथ्वीपासून अवघ्या दीड कोटी किलोमीटरांवरून गेला आणि मध्यरात्रीच्या काळ्या आकाशातही दिसत राहिला. एरवी धूमकेतूंचा कारभार संधिप्रकाशात आणि खालच्या बाजूलाच चालतो.

आता नाशिकची जमीन पाहा. पश्चिमेला सह्याद्री आहे. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरी आणि त्यामागे ब्रह्मगिरी अशी उंच रांग उभी असल्याने त्या बाजूचे क्षितिज खऱ्या क्षितिजाच्या बरेच वर सुरू होते. त्याच दिशेला सातपूर आणि नैर्ऋत्येला अंबड या औद्योगिक वसाहती आहेत. त्यांचा उजेड संध्याकाळ सरली तरी सरत नाही. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या इमारतींनी उरलेसुरले आकाश वाटून घेतले आहे. पूर्वेचे चित्र अगदी वेगळे. गोदावरी वाहत जाते त्या दिशेला निफाडची सपाटी पसरलेली आहे आणि नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यापाशी तर डोळ्यांना अडवणारे फारसे काही नाही. त्यामुळे नाशिकच्या भूगोलाचा कौल पहाटेच्या धूमकेतूंना आहे, संध्याकाळच्यांना नाही. माणसांचा कौल मात्र नेमका उलटा. पहाटे चारला उठून निफाडकडे निघायला घरातले कुणी सहजासहजी तयार होत नाही.

माझ्या अनुभवात संध्याकाळच्या धूमकेतूंसाठी त्यातल्या त्यात सोयीची जागा म्हणजे गंगापूर धरणाच्या फुगवट्याचा असा काठ, जिथून पश्चिमेला पाणी येते. पाण्यावर इमारत नसते, दिवा नसतो आणि डोंगर थोडा मागे सरकतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू तिथूनच पाहिला. आधीच्या वर्षी चीनमधील पर्पल माउंटन वेधशाळा आणि दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅटलास या आकाशाची पाहणी करणाऱ्या प्रकल्पाची दुर्बीण यांनी तो शोधला होता. २७ सप्टेंबरला सूर्याला वळसा घालून तो परत निघाला आणि १२ ऑक्टोबरला पृथ्वीच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे ७ कोटी किलोमीटरांवर आला. त्या दिवशी दसरा होता. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे असे आपल्याकडे सांगतात, आणि गावाची वेस ओलांडून बाहेर पडल्याखेरीज हे शेंडेनक्षत्र दिसण्यासारखे नव्हतेच. इतका अचूक मुहूर्त पंचांगाने ठरवूनही साधला नसता. तरी दसऱ्याला तो फारच खाली होता आणि संधिप्रकाशात बुडाला होता. नंतरच्या संध्याकाळी तो भराभर वर चढत गेला. पश्चिमेला डावीकडे शुक्र, उजवीकडे स्वातीचा तारा, आणि त्यांच्या मधोमध थोडे वर पाहायचे, एवढी खूण पुरेशी होती.

पुरेशी होती असे म्हणतो खरा, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. धूमकेतूची प्रत, म्हणजे तेजाचे माप, दोन किंवा तीन आहे असे वाचून माणूस तेवढ्या तेजाचा तारा शोधू लागतो. धूमकेतूचा मात्र तेवढाच प्रकाश एका ठिपक्यात नसून बऱ्याच मोठ्या भागावर पसरलेला असतो, आणि त्यामुळे तो त्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा कितीतरी फिका वाटतो. अशा वेळी नेमके त्याच्याकडे न पाहता किंचित बाजूला पाहावे. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी रंग ओळखणाऱ्या पेशी दाटीने असतात. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी त्या मध्याच्या बाहेर असतात. नजर थोडी सरकवली की जिथे काहीच नव्हते तिथे एक उभा फिकट पट्टा उमटतो, आणि त्याच्याकडे सरळ पाहिले की तो विरतो. दहा बाय पन्नासची, म्हणजे दहापट मोठे दाखवणारी आणि पन्नास मिलिमीटरच्या भिंगांची, साधी द्विनेत्री जवळ असेल तर प्रश्नच मिटतो; धूमकेतूसाठी मोठ्या दुर्बिणीपेक्षा ती अधिक उपयोगाची, कारण तिच्यात डोके आणि पुच्छ एकत्र मावतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे काम वेगळे. तो काही सेकंदांचा प्रकाश साठवतो आणि डोळ्यांना न दिसलेले पुच्छ दाखवतो. काठावर उभ्या असलेल्या बऱ्याच जणांनी त्या संध्याकाळी धूमकेतू आधी पडद्यावर पाहिला आणि मग आकाशात ओळखला. मला त्यात काही गैर वाटत नाही, फक्त उजळलेल्या पडद्याने शेजाऱ्याचे अंधाराला सरावलेले डोळे दिपतात, हे सांगावेसे वाटते. डोळे पुन्हा सरावायला वीसेक मिनिटे जातात, आणि धूमकेतूकडे तेवढी मिनिटे नसतात.

ही मिनिटांची चणचण नाशिकच्या अक्षांशातून येते. आपण विषुववृत्तापासून वीस अंशांवर आहोत. इथे सूर्य तिरका न घसरता जवळजवळ उभाच बुडतो, त्यामुळे युरोपसारखा रेंगाळणारा संधिप्रकाश आपल्याला मिळत नाही. सूर्यास्तानंतर पाऊण तासात बऱ्यापैकी काळोख होतो, पण त्याच वेगाने धूमकेतूही खाली येत असतो. या दोहोंच्या मध्ये जी फट उरते तेवढीच आपली. तिच्यात परतीच्या पावसाचा एक ढग आला तरी त्या दिवसाचा खेळ संपला. याचा एक फायदाही आहे: पुच्छ सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते आणि सूर्य सरळ खाली गेलेला असल्यामुळे ते पुष्कळदा वर उभे राहिलेले दिसते. पुच्छ धूमकेतूच्या मागे ओढले जात नाही, ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी लोकांना पटत नाही. सूर्याकडे येताना ते मागे असते, पण परत जाताना पुढे असते. धूमकेतू आपल्याच शेपटीच्या मागून चालत निघतो. खरे तर पुच्छेही दोन असतात. सूर्यापासून वाहणारे विद्युतभारित कणांचे वारे वायूचे निळसर पुच्छ सरळ रेषेत दूर ढकलतात, तर धुळीचे पिवळट पुच्छ सूर्यप्रकाशाच्या दाबाने पसरून थोडे वक्र होते. १९९७ च्या हेल-बॉपमध्ये ही दोन्ही वेगवेगळी दिसत असत. तो १ एप्रिलला सूर्याच्या सर्वांत जवळ होता, आणि त्या वर्षीच्या गुढीपाडव्याच्या सुमारास संध्याकाळी वायव्येला पाहिले की शहरातल्या उजेडातही सहज सापडत असे. सुमारे दीड वर्ष तो नुसत्या डोळ्यांच्या टप्प्यात राहिला. असा पाहुणा पुन्हा आलेला नाही.

२०२४ च्या त्या आठवड्यात एक गंमत घडली. १६ ऑक्टोबरला कोजागरी होती. सोसायट्यांच्या गच्च्यांवर दूध आटत होते, चंद्र पूर्वेला वर आला होता आणि झाडून सगळे त्याच्याकडे तोंड करून बसले होते. पाठीमागे, पश्चिमेला, एक धूमकेतू मावळत होता. आमच्या गच्चीवर मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एका आजींनी, ‘शेंडेनक्षत्र कशाला पाहायचं रे सणाच्या दिवशी?’ असे म्हणून दुधाचा पेला माझ्या हातात दिला. बाकीच्यांनी मान वळवून पाहिले, पण चंद्रप्रकाशाने धुतलेल्या आकाशात त्यांना काही दिसले नाही. आजींच्या धास्तीपेक्षा चंद्राने धूमकेतूचे जास्त नुकसान केले.

ही धास्ती मोठी जुनी आहे, आणि तिच्यामागे अगदीच अडाणीपणा होता असे मला वाटत नाही. ग्रहांच्या चाली ज्यांना गणिताने सांगता येत होत्या, त्यांच्याच हिशेबात हे प्रकरण बसत नव्हते. सहाव्या शतकातील ज्योतिर्विद वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट लिहून ठेवले आहे की केतूचे, म्हणजे धूमकेतूचे, दर्शन आणि अस्त गणिताने जाणता येत नाहीत. पुढे तो म्हणतो की कोणी केतू एकशे एक आहेत म्हणतात, कोणी हजार म्हणतात, आणि नारदमुनींच्या मते केतू एकच असून तो अनेक रूपांनी दिसतो. नारदाचे हे मत मला फार आवडते. १६८२ साली दिसलेला धूमकेतू आधीही येऊन गेलेलाच आहे असे एडमंड हॅलीने १७०५ मध्ये मांडले आणि तो १७५८ च्या अखेरीस परत दिसला, तेव्हा निदान एका धूमकेतूपुरते तरी नारदाचे म्हणणे खरे ठरले.

आज स्थान गणिताने अचूक कळते. तेज मात्र अजूनही कळत नाही, आणि वराहमिहिराची तक्रार तेवढ्यापुरती शिल्लक आहे. १९७३ मध्ये कोहूटेकच्या आगमनाचा जगभर गाजावाजा झाला आणि तो फिकाच निघाला. २०१३ मध्ये आयसॉनला शतकातला धूमकेतू म्हणून आधीच बिरुद देऊन झाले होते. २८ नोव्हेंबरला सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे १२ लाख किलोमीटरांवरून जाताना त्याचे तुकडे झाले. बर्फ किती, धूळ किती, वरचा थर कधी फुटेल, हे केंद्रकाजवळ गेल्याशिवाय समजत नाही. उलट २०२० च्या मार्चमध्ये सापडलेला निओवाइज जुलैत असा उजळला की उत्तर गोलार्धातील लोक त्याच्यासाठी गच्च्यांवर चढले. नाशिकला तेव्हा पावसाळा होता. पंधरवडाभर तो आकाशात होता आणि आम्ही ढगांची खालची बाजू पाहत होतो.

खरे म्हणजे नाशिककराला आकाशाच्या वेळापत्रकाची जेवढी सवय आहे तेवढी फार थोड्या शहरांना असेल. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. रस्ते, घाट, पूल यांची कामे त्याच हिशेबाने निघतात, आणि आताही २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी शहर उकरून ठेवलेले आहे. बारा वर्षांनी वेळेवर येणारा हाच गुरू धूमकेतूंची वेळापत्रके मात्र बिघडवत असतो. हेल-बॉप १९९६ मध्ये त्याच्या जवळून गेला आणि सुमारे ४२०० वर्षांचा त्याचा फेरा अडीच हजारांच्या आसपास आला. शूमेकर-लेव्ही तर गुरूच्या तावडीत सापडून तुटला, आणि १९९४ च्या जुलैत त्याचे तुकडे एकामागून एक गुरूवरच जाऊन आदळले.

मागच्या दिवाळीत लेमन नावाचा धूमकेतू आला होता. हजाराहून अधिक वर्षांनी येणारा हा पाहुणा २१ ऑक्टोबर २०२५ रोजी पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, म्हणजे बरोबर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. कोजागरीला चंद्र आडवा आला होता. इथे चंद्राचा प्रश्नच नव्हता. त्याची भरपाई फटाक्यांच्या धुराने केली. वायव्येला, स्वातीच्या वरच्या अंगाला, एरवी नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा तो होता, आणि शहरातून शोधण्यात अर्थ नव्हता. पूजा आटोपून पेठ रस्त्याला लागावे, तर घरी दारात पणत्या तेवत असताना यजमान कुठे निघाले, हा प्रश्न उरतोच. आम्ही भाऊबीज उरकल्यावर गेलो. पेठ रस्त्याला बाजूच्या शेतात पाण्याचा मोटरपंप चालू होता. ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागेत फिरत असलेल्या मालकांनी, ‘काय हरवलं का भाऊ?’ असे विचारले. द्विनेत्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि, ‘हा तर धुरकट आहे,’ असे म्हणून आमच्याकडे अशा नजरेने बघितले की जणू द्विनेत्रीची काच पुसायची राहिली असावी. धूमकेतूचे इतके नेमके वर्णन मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाही.

बरोबर आलेल्या भाचीने परतताना हॅलीचे विचारले. तो १९८६ मध्ये आला होता, पण एप्रिलमध्ये पृथ्वीजवळ असताना इतका दक्षिणेला होता की नाशिकहून तो क्षितिजापासून वीस-बावीस अंशांच्या वर फारसा गेलाच नाही. यापुढे तो २८ जुलै २०६१ रोजी सूर्याच्या सर्वांत जवळ असेल, आणि या खेपेला १९८६ पेक्षा बराच तेजस्वी दिसेल असा अंदाज आहे. जुलै म्हणजे इगतपुरी आणि त्र्यंबककडे पाऊस धो धो कोसळत असणार, आणि नाशिकलाही ढग हटणार नाहीत. हे ऐकून तिने जराही विचार न करता सांगितले, ‘मग येवल्याला जाऊ, मामा. तिकडे पाऊस कुठे पडतो?’ येवला आणि नांदगाव पर्जन्यछायेत आहेत, तिथे ढगांना अधूनमधून फटी पडतात आणि पश्चिमही मोकळी आहे; उत्तर बरोबर होते. तिने लगेच फोनच्या कॅलेंडरवर २०६१ चा जुलै काढला आणि तिथे येवला असे लिहून ठेवले.