कुंभारणीचं बिऱ्हाड

१२ जून

पहिला पाऊस धो धो झाला आणि नेमकी जेवायला बसल्यावर पाखरं आली. ट्यूबलाइटभोवती आधी दहा-बारा, मग मोजणं सोडून दिलं. दोन आमटीत पडली, एक लेकाच्या भातावर. आईंनी (सासूबाईंनी) आपलं ताट पदराखाली घेतलं आणि हुकूम सोडला, "आधी दिवा घालवा. बाल्कनीतला लावा नि खाली परातीत पाणी ठेवा." उरलेलं जेवण मोबाइलच्या उजेडात.

"मुंगीचं मरण जवळ आलं की तिला पंख फुटतात," असंही वर म्हणाल्या. खरं तर या मुंग्या नव्हेतच, ही वाळवी. पहिल्या पावसाने माती भिजली की वारुळातले पंखवाले नर-मादी आयुष्यात एकदाच उडतात, जोडीदार गाठतात आणि पंख गाळून टाकतात. रात्री फरशीवर वाकून पाहिलं तर तसंच. पंख झडलेली मादी पुढे, तिला अगदी चिकटून नर मागे. सप्तपदीच चालली होती म्हणा ना. फक्त वरात निघाली होती माझ्या माहेरच्या दिवाणाकडे. सागवानी असला म्हणून काय झालं, झाडूने लग्न मोडलं.

सकाळी सुपलीभर पंख निघाले.

१६ जून

साखरेच्या डब्याला लाल मुंग्या. गव्हात टोके. तूरडाळीला एरंडेल चोळायचं एप्रिलपासून राहिलंय, त्याची शिक्षा आज मिळाली. डाळ उन्हात घालू म्हणून गच्चीवर गेले आणि भिजून खाली आले.

१९ जून

नानांच्या तसबिरीवर कुंभारीण (मातीचं घर बांधणारी गांधीलमाशी) आलीय. बारीक कंबर, पिवळट-तपकिरी अंग, तोंडात वाटाण्याएवढी ओल्या मातीची गोळी. माती माझ्याच तुळशीच्या कुंडीतली. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात गोळी टेकवते आणि ती पसरताना बारीक गुणगुणते. दुपारपर्यंत एक चिमुकलं मडकं तयार झालं, वर चक्क काठ वळवलेलं.

मी कपडा घेऊन स्टुलावर चढले तर आई पोथी बाजूला ठेवून उठल्याच. "हात लावू नकोस. कुंभारीण घर बांधते ते चांगलं असतं." गुहागरला देवघरातल्या कोनाड्यात दरवर्षी असायचं म्हणे. शिवाय नानांचा तिच्यावर जीव. एकादशीला प्रवचन करायचे तेव्हा भ्रमरकीटक न्याय हमखास यायचा. कुंभारीण अळी आणून मातीत कोंडते, अळी भीतीने रात्रंदिवस तिचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता स्वतः कुंभारीण होऊन बाहेर पडते. तसा देवाच्या ध्यानाने भक्त देव होतो. नाना हे सांगताना दोन बोटांनी भिंतीवर डंख मारून दाखवायचे, मुलं खिदळायची.

त्यांच्याच फोटोवर ती आलीय म्हटल्यावर माझं काय चालणार?

२५ जून

आज घोळ झाला. पंखा पुसायला आलेल्या मुलाचा धक्का लागून तसबीर खिळ्यावरून निसटली. काच वाचली. चार मडक्यांपैकी एक फुटलं.

आत सात हिरव्या अळ्या, दाबून भरलेल्या. मेलेल्या वाटल्या, पण पेन्सिलीचं टोक लावलं तर एक किंचित हलली. आणि त्यांच्या गर्दीत एक पिवळसर, बिनपायाचं पिल्लू, एका अळीला तोंड लावून बसलेलं. कुंभारणीचा डंख अळीला मारत नाही, लुळी करतो. मेली असती तर कुजली असती. आधी मडक्यात अंडं लटकवायचं, मग असल्या जिवंत अळ्या भरायच्या, तोंड लिंपायचं आणि निघून जायचं. बिनफ्रिजची शिदोरी.

मला मळमळलं. नानांची ती ध्यानस्थ अळी ही! पण चहा घेताना वाटलं की नानांना तरी कसं दिसणार होतं? बाहेरून बघणाऱ्याला आत जाताना अळी दिसते आणि महिन्याभराने बाहेर येताना कुंभारीण. मधलं मडकं कुणी फोडलेलं नसतं. ज्याने पहिल्यांदा हा दृष्टांत रचला त्याने बराच वेळ भिंतीकडे बघत काढला असणार, एवढं नक्की.

आईंना काही सांगितलं नाही. फुटलेलं झाडून टाकलं, तीन शिल्लक.

३ जुलै

डासांच्या अळ्या तपासायला एक जण आला होता. मी तोऱ्यात म्हटलं, आमच्याकडे काही मिळणार नाही. त्याने कुंड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही, सरळ फ्रिज पुढे ओढला आणि मागचा ट्रे दाखवला. बॅटरीच्या उजेडात वळवळ. शेजारी मनीप्लांटची बाटली, तीही तशीच. गटाराला नावं ठेवत आपण खिडक्या लावून घेतो आणि डेंग्यूचा डास वाढतो घरातल्या स्वच्छ पाण्यात, चावतो दिवसाढवळ्या. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी करायची, असं त्याने लेकालाच समजावलं. मागच्या वर्षी याच लेकाच्या प्लेटलेट्स मोजत आम्ही रात्री काढल्या होत्या. तेव्हा दोष दिला होता समोरच्या बांधकामाला.

घरात शिरून तपासणारा माणूस आईंना आवडला नाही. त्यांच्या आजेसासूबाई प्लेगच्या वेळच्या पुण्याचं सांगायच्या. १८९७ साली गोरे सोल्जर घराघरांत शिरून सामान रस्त्यावर फेकत, जाळत. आणि गंमत बघा, तेव्हा सगळे हवा, घाण, माणसं यांच्यावर संशय घेत होते. उंदराच्या अंगावरच्या पिसवेचं नाव फारसं कुणाच्या मनात नव्हतं. पिसवेमुळे प्लेग पसरतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं, ते १८९८ मध्ये.

आमचा तपासनीस बिचारा चपला बाहेर काढून आला होता.

८ जुलै

वेताळ टेकडीवर गेले. चिलटांनी डोळ्यांपुढून हलायचं नाव घेतलं नाही. त्यांना म्हणे डोळ्यातलं पाणी हवं असतं. एक आत गेलंच, मग हवं तेवढं पाणी मिळालं. परतताना दोघी मैत्रिणी काजव्यांच्या गप्पा मारत होत्या. मेअखेरीस भंडारदऱ्याला गाडी काढून, पैसे मोजून काजवे बघून आल्या. किड्याने नशीब काढावं तर शेपटीखाली दिवा घेऊनच.

१८ जुलै

सकाळी तसबिरीवरच्या एका मडक्याला गोल भोक. कडा कुरतडल्यासारख्या. बाहेर आलेली पाहुणी खिडकीच्या काचेवर डोकं आपटत होती. माझ्या हातात डास मारायची रॅकेट, सवयीने बटणावर अंगठा गेलेला. मग रॅकेट खाली ठेवली आणि काच सरकवली. दोनदा चुकून आत वळली, तिसऱ्यांदा गेली.

"झाली का अळीची कुंभारीण?" आईंनी खाटेवरूनच विचारलं.

"झाली."

"नाना असते तर प्रवचनात सांगितलं असतं."

मी हो म्हटलं. दोन मडकी अजून बंद आहेत, म्हणून तसबिरीची धूळ आज पुसली नाही. फ्रिजचा ट्रे मात्र घासला. आज शनिवार, आमचा कोरडा दिवस.