बंपर धरून

स्केटबोर्डच्या व्हिडिओ गेममध्ये बहुतेक वस्तू तुमची वाट बघत उभ्या असतात. रेलिंग, पायऱ्या, कठडे, बाकडी. दहादा आपटलात तरी जागची हलत नाहीत. गाडीला तेवढी सवड नसते. रिकाम्या चौकात एकच टॅक्सी फिरत ठेवली की उडी आत्ता मारायची की क्षणभर थांबून, हा प्रश्न उभा राहतो, आणि तो कुठलंही रेलिंग विचारत नाही.

सुरुवातीला मात्र गाड्या नुसतं सामान होत्या. १९९९च्या ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर पोलिसांच्या ५ गाड्या मोडायचं काम होतं. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात हँगरमधल्या हेलिकॉप्टरच्या पात्यावर ग्राइंड केलं, म्हणजे बोर्ड घासत नेला, की हेलिकॉप्टर चक्क उडून जायचं. मजेशीर, पण एकदाच.

खरी मजा २००२च्या चौथ्या भागात आली, स्किचिंगमुळे. म्हणजे चालत्या गाडीचा मागचा बंपर धरून ओढत जाणं. गाडीच्या बरोबर मागे यायचं आणि वरचं बटण दाबायचं. बंपर हाती लागला की तोल दाखवणारी सुई डावी-उजवीकडे डुलू लागते. नवखे इथेच फसतात. सुई डावीकडे झुकली की उजवं बटण दाबून धरतात, सुई पलीकडे कलंडते आणि गडी डांबरावर. हलके, तुटक टिचके द्यावेत. वळण दिसलं की त्याआधीच सुटावं, आणि मिळालेला वेग पुढच्या रॅम्पवर खर्च करावा. धरून राहण्यापेक्षा वेळेवर सोडणं जास्त कठीण.

ही युक्ती जुनीच. १९९४मध्ये सेगाच्या यंत्रावर आलेल्या ‘स्किचिन’मध्ये अख्खी शर्यतच गाड्यांना लटकून होती, फक्त पायात बोर्डाऐवजी रोलरब्लेड होते. २००३च्या ‘टोनी हॉक्स अंडरग्राउंड’ने बोर्डवरून उतरवून थेट स्टिअरिंग हाती दिलं. ते काही जमलं नाही. बोर्डवर बोटांना लागलेली सगळी सवय गाडीत बसताच निकामी होते. त्याच गेममध्ये हवाईच्या हॉटेलावरून हेलिकॉप्टरच्या डोक्यावरून घेतलेली उडी मात्र लोक अजून आठवतात. तिथे गाडी चालवायची नसते, ओलांडायची असते.

प्रत्यक्षात स्किचिंगचं नाव काढू नये. रस्त्यावरच्या बोर्डाची चाकं साधारण ५० ते ५४ मिलिमीटरची, टणकपणाच्या मापात ९९ए-१०१ए, म्हणजे चांगलीच टणक. गुळगुळीत काँक्रीटवर उत्तम. पण पावसानंतर आपल्या गोव्यातल्या रस्त्यांच्या कडेला पसरते ती चिऱ्यांची लाल खडी चाकाखाली आली की बोर्ड जागीच अडतो, माणूस पुढे जातो. मऊ, मोठी, ६० मिलिमीटरची ७८ए चाकं खडीवरून बरी जातात, पण मोटारीने दिलेल्या वेगात तीही वाचवणार नाहीत. गेममधली खडी कुणी झाडून ठेवलेली असते.

तरीही पणजी ही अशा गेमची लेव्हल म्हणून फार गुणाची. आल्तिनो टेकडीचा उतार, फोंतेन्याश या जुन्या वस्तीतल्या पायऱ्या, आणि अठरा जून रस्त्यावर खेटून लावलेल्या स्कूटर: एकीला धक्का लागला की रांगच आडवी. कदंबा, म्हणजे गोव्याची सरकारी बस, अवजड हवी, थांब्यावर अचानक थांबणारी, म्हणजे मागे लटकलेल्याची परीक्षा. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट रॅम्प खाली सोडून उभी ठेवावी आणि तिला घड्याळ लावावं. वेळेत आलात तर रॅम्पवरून थेट पलीकडच्या चोडण बेटाच्या बाजूला उतरणी, उशीर झाला तर मांडवी नदीत. पायलटची, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्याची, पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल स्किचिंगसाठी ठेवायला हरकत नाही, कॅरिअर धरता येईल. फक्त भाडं आधी ठरवावं लागेल.