हाडाजवळची ऊब

कोलोरॅडोत राहून मला सात वर्षं झाली, पण शिकारीला गेलो तो गेल्या ऑक्टोबरात, पहिल्यांदाच. परवाना शेजाऱ्याचा, बंदूकही त्याचीच. मी ओझं वाहायला. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळपास संपली, त्यामुळे माझ्यासाठी मटण म्हणजे रविवारची रांग, "दादा, अर्धा किलो द्या, पुठ आणि चाप," आणि दुपारी ताटात. मधल्या वेळात ते टिकवायचं असतं हा विचारच कधी केला नव्हता.

एल्क, म्हणजे इथलं एक भलंमोठं हरीण, पडला सकाळी आठच्या सुमारास, समुद्रसपाटीपासून २,९०० मीटरवर. जवळपास तीनशे किलोचा नर. गवत गोठलेलं, माझी बोटं बधिर. म्हटलं, एवढ्या गारठ्यात मांसाला काय होतंय! शेजाऱ्याने परवान्याचा टॅग बांधला आणि लगेच सुरी काढली. "गार हवा आहे, हा नाही," म्हणाला. मी मानेच्या केसांत हात घातला. मनगटापर्यंत रुतला, आणि आत चुलीजवळ बसल्यासारखी ऊब. या जनावराचे केस आतून पोकळ असतात, म्हणजे अंगावर रजईच. त्याखाली अडतीस अंशांच्या वरचं अंग. ते गार व्हायचं तर कातडं निघालंच पाहिजे.

पोट न फाडता काम करायची पद्धत त्याने दाखवली. जनावर कुशीवर ठेवायचं, वरच्या बाजूचं कातडं पाठीपासून खाली सोलायचं, पुढचा पाय, मागचा पाय, पुठ, मानेचं मांस काढायचं, मग उलटं करून दुसरी बाजू. निघालेला पाय सुती पिशवीत घालून सावलीत फांदीला टांगायचा. प्लॅस्टिक अजिबात नाही, त्यात वाफ कोंडते. सुती पिशवीतून वारा जातो, माशा आत जात नाहीत, आणि मांसावर कोरडी साल धरते.

घोळ माझ्यामुळे झाला. वरची बाजू सोलायला मी इतका वेळ लावला की खालचा मागचा पाय जवळजवळ तीन तास सगळ्या धुडाखाली, कातड्यासकट, जमिनीला चिकटून राहिला. शेवटी निघाला तेव्हा दुपार झाली होती आणि ऊन तापलं होतं. गाडीपर्यंत अडीच किलोमीटर. एकेक मागचा पाय पंचवीस किलोचा, म्हणजे खेपा कशा झाल्या ते विचारूच नका. चौथ्या खेपेला मी तोच पाय आइसबॉक्सच्या तळाशी टाकला आणि बाकीचं त्यावर रचलं. वरून बर्फाच्या बाटल्या. (सुटा बर्फ नको, वितळलेल्या पाण्यात मांस भिजतं.) झाकण लावलं, निश्चिंत.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पाय सोडवायला घेतले. तीन उत्तम. चौथा वरून तितकाच लालभडक, हाताला गार. खुब्याच्या सांध्यात सुरी शिरली तशी आंबूस, नासक्या दुधासारखा दर्प आला. हाडाभोवती मांस करडं-हिरवट, चिकट. बाहेरून थंड झालेल्या त्या जाड मांडीच्या गाभ्यात रात्रभर ऊब अडकून राहिली होती, आणि जंतूंना तेवढंच हवं असतं. चार किलोच्या वर कापून टाकलं. शेजारी रागावला नाही, नुसतं बोटाने दाखवलं: तिथल्या तिथे हाडालगत एक लांब चीर देऊन सांधा उघडा केला असतास, किंवा हाडच काढलं असतंस, तर वाचलं असतं.

बाकीचं मांस दोन-तीन अंशांवर पाच दिवस मुरवलं. आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ती हबकली, "पाच दिवसांचं शिळं?" मग तिलाच आठवलं, आजी मटणाच्या पातळ पट्ट्या काढून मीठ-हळद लावून दोरीवर वाळत घालायची, त्या चान्या पावसाळाभर पुरायच्या. पट्टी पातळ, त्यात ऊब अडकणार कुठे!

हरणवर्गातल्या जनावरांना इथे एक मेंदूचा रोग होतो. तो पहिल्यांदा दिसला तोही याच राज्यात, १९६७ साली फोर्ट कॉलिन्सला. शिजवूनही तो जात नाही, म्हणून डोकं तपासणीला दिलं आणि निकाल येईपर्यंत सगळी पाकिटं तारीख घालून फ्रीझरमध्ये. निकाल चांगला आला. त्या चौथ्या पायाच्या उरलेल्या चांगल्या मांसाचा मी खिमा केला, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून. चरबी नसल्यासारखीच, म्हणून तेल जरा सढळ हाताने घालावं लागलं.