आजचा गिग, फ्लॅटवाउंड तारा
आज गिगला पहिल्यांदाच बेस गिटारवर फ्लॅटवाउंड, म्हणजे वरची गुंडाळी चपटी, गुळगुळीत असलेल्या तारा लावून वाजवलं आणि खरं सांगते, तो आवाज अजून डोक्यातून जात नाहीये! बोट सरकवलं की होणारी किरकिर गेली, उरला नुसता जाड, गोल ठोका आणि तो ड्रमरच्या किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) असा काही चिकटला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो. प्रसिद्ध अमेरिकन बेसवादक जेम्स जेमर्सन त्याच्या 1962 च्या फेंडर प्रिसिजन बेस गिटारवर अशाच तारा वाजवायचा, तुटल्याशिवाय बदलायचाच नाही म्हणे, का ते आज कळलं.

साउंडचेकला मात्र घुमघुम होती. खालची ई तार 41 हर्ट्झची, तिच्या आवाजाची लाट आठ मीटरपेक्षा लांब, मग हॉलमध्ये भिंतींवरून परतून एका जागी ती घुमते आणि चार पावलांवर जवळजवळ गायब, म्हणून लांब केबल लावून खाली उतरून ऐकलं, अँपवरचा बेस (सगळ्यात खालचा आवाज) कमी केला, लो मिड (त्याच्या जरा वरचे सूर) थोडे वाढवले आणि एकेक नोट सुटी सुटी ऐकू यायला लागली.

तारा आता अशाच राहणार. फक्त स्लॅपच्या (तारेवर अंगठा आपटून वाजवायच्या) गाण्यांसाठी दुसरा बेस न्यावा का ते ठरत नाहीये, फ्लॅटवाउंडवर स्लॅप करणारं कोणी असेल तर सांगा ना.