बोअरला पाणी नाही, वारा लागला

वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत गाडीच्या एसीचं कॉइल बाहेर पडण्याआधी त्यात हेलियम भरून गळती तपासतात. दुसऱ्या वायूंना दाद न देणाऱ्या बारीक फटीतून हेलियम निसटतो आणि यंत्राला लगेच कळतो. लातूरच्या दवाखान्यातल्या एमआरआयचं चुंबकाचं वेटोळं द्रवरूप हेलियममध्ये, उणे 269 अंशांवर ठेवलेलं असतं. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाच्या, म्हणजे गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या, चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या उभ्या राहतील, तेव्हा त्यांचे जोड तपासायलाही तोच लागणार. आणि हा वायू आपण जवळजवळ सगळा परदेशातून आणतो. 2017 च्या जूनमध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली, तिथले हेलियमचे प्रकल्प बंद पडले आणि त्याची झळ जगभर बसली. आपल्या पायाखालून थोडा जरी मिळाला तरी मला तो हवा आहे. म्हणून मी मराठवाड्यात हेलियम शोधणाऱ्या या सर्वेक्षणात आले.

मराठवाड्यातच का शोधायचा, याला कारण आहे. हेलियम तयार होतो तो खडकातल्या युरेनियम आणि थोरियमच्या किरणोत्सर्गातून, कोट्यवधी वर्षांत, कणाकणाने. जुना ग्रॅनाइट त्याचं घर. आपल्याकडे हा ग्रॅनाइट काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या थरांखाली दडलेला आहे. नांदेडच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे तो उघडा दिसतो. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी 617 मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा बेसाल्ट 338 मीटरला संपला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचे थर निघाले आणि मग थेट ग्रॅनाइटी खडक. त्याच भूकंपात जमीन जिथे फाटली होती, तिथल्या मातीतल्या हवेत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना विलक्षण जास्त हेलियम आढळला होता. 1994 साली त्यांनी तो प्रसिद्धही केला. आमच्या नकाशावरची पहिली खूण तीच.

त्या दिवशीचा फोन मात्र नकाशाबाहेरचा होता. लोहारा तालुक्यातले एक शेतकरी म्हणाले, "मॅडम, माझ्या बोअरला पाणी लागलं नाही, वारा लागलाय. येऊन बघा एकदा." दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, त्या 2016 च्या उन्हाळ्यात त्यांनी ती बोअर मारली होती. साडेसहा इंची, 900 फूट. नुसता फुफाटा निघाला. तेव्हापासून तोंडावर घमेलं आणि वर दगड.

आम्ही गेलो तो दिवस नेमका वेळअमावस्येचा. गावात चिटपाखरू नव्हतं, सगळं गाव शेतात. ज्वारी पोटऱ्यात आलेली, कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले, लातूर-पुण्याहून आलेली लेकरंबाळं बांधावर. भज्जी, उंडे, आंबील खाल्ल्याशिवाय बोअरकडे जाऊ देईनात. पहिलं काम उरकायला आम्ही साडेनऊलाच पोहोचलो होतो, तरी दहा वाजून गेले.

दगड बाजूला केला आणि मी केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या पाइपाच्या, तोंडावर कागदाची पट्टी धरली. ती आत ओढली गेली. जमलेल्या लोकांचा चेहरा पडला, वारा बाहेर यायला हवा होता ना. काका मात्र शांत. "सकाळच्या पारी वढतंय, दुपारून सोडतंय. मी रोज बघतो की." माझे कान टवकारले ते इथे. हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यात जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी. बाहेरचा दाब वाढला की हवा बोअरमध्ये शिरणार, उतरला की बाहेर येणार. काकांनी बॅरोमीटर न पाहता त्याच वेळा पाठ केल्या होत्या. असं निरीक्षण शाळेत कुणी शिकवत नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

दुपारपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर गर्दी वाढली. एका पोराने खिशातून काडेपेटी काढली, गॅस असेल तर पेटतो का बघू म्हणाला. मी त्याचा हातच धरला. हेलियम पेटत नाही, पण खाली मिथेन असेल तर भडका उडायला एक काडी पुरते. म्हणून आमचं पहिलं यंत्र नेहमी जळाऊ वायूचं आणि ऑक्सिजनचं. जळाऊ काही निघालं नाही. पण दोनशे फुटांवर सोडलेल्या नळीतून ओढलेल्या हवेत ऑक्सिजन बराच उतरलेला होता. बोअरवर तोंड धरून कुणी वाकू नका, लेकरांना लांब ठेवा, हे मी सगळ्यांना दोनदा बजावलं.

दरम्यान एक तरुण मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. त्याचं स्वतःचं चॅनेल आहे. "भूगर्भात गॅसचा साठा सापडला, असं म्हणा ना मॅडम." त्याच्या मागे बसलेल्या आजींनी विचारलं, "बाई, किल्लारीच्या वक्ताला बी जिमिनीतनं असंच यायलं होतं म्हणत्यात. परत हालणार हाय का?"

सगळे गप्प झाले. या भागात 30 सप्टेंबर 1993 ची पहाट विचारावी लागत नाही. गणपती बोळवून लोक झोपले होते, चारच्या आत गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली. आजींच्या घरचेही त्यात गेले होते, हे त्यांनी नंतर सांगितलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. जमीन फाटलेल्या ठिकाणी वायू वर येतो, कारण त्याला वाट मिळते. त्यावरून उद्या भूकंप होईल की नाही हे जगात आज कुणालाही सांगता येत नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एवढंच मी बोलले. आजी त्या पोराकडे वळल्या. "मग नगं टाकू रं ते मोबाइलवर. लोकं निजायची न्हाईत." त्याने फोन खिशात घातला. त्या पोराबद्दल मला आजही आदर आहे.

बारानंतर पट्टी लुळी पडली. दोनला थरथरली, आणि तीनच्या सुमारास बाहेरच्या बाजूला ताठ उभी राहिली. बोअरच्या तोंडातून सूं असा आवाज यायला लागला. आता खरं काम. खताच्या पोत्याच्या आत असते ती मोठी प्लास्टिकची पिशवी, साठेक लिटरची, मी तिचं तोंड केसिंगवर आवळून बांधलं. बोलता बोलता ती टम्म फुगली. सोडली, परत बांधली, परत फुगली. असं होतच राहिलं.

मी बांधावर बसून हिशेब मांडला. साडेसहा इंची, 900 फुटांच्या बोअरच्या पोटात साधारण सहा हजार लिटर हवा मावते. सकाळपासून दाब उतरला तो चार हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. नुसती बोअरचीच हवा फुगली असती, तर अख्ख्या दुपारभरात पंचवीसेक लिटर बाहेर आली असती. एक पिशवी अर्धीसुद्धा भरली नसती. मग ही हवा येते कुठून?

शेजारच्या जुन्या विहिरी आणि बंद पडलेल्या बोअरी काका बोट दाखवून सांगत गेले तसं ते उलगडलं. बेसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, प्रत्येक प्रवाहाचा माथा सच्छिद्र असतो, भेगाळलेला असतो. पाणी साठतं ते तिथेच. वर्षानुवर्षं उपसा झाला, थर एकामागून एक कोरडे पडले आणि पाण्याच्या जागी हवा भरली. ही बोअर त्या सगळ्या रित्या थरांना छेदून गेली आहे. ती ज्या पोकळीचा श्वास सोडते, ती आपणच उपसून केलेली पोकळी आहे. हेलियम शोधायला आलेली मी त्या आकड्याकडे बघत बसले. पावसाच्या, पाणीपातळीच्या आकडेवारीत हे सगळं वाचलेलं होतं. ते असं पिशवीत भरून हातात आलं नव्हतं.

हेलियमचं मापन गाडीतच केलं. हा वायू प्लास्टिकमधून निसटतो, काचेतूनही हळूहळू झिरपतो, त्यामुळे उद्यावर टाकता येत नाही. हवेत हेलियम दहा लाख भागांत पाच भागांच्या जरा वर असतो. यंत्र आधी त्या आकड्यावर लावून घेतलं, मग नमुना सोडला. काटा हवेच्या वर गेला, पण थोडासाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण आकडा हलला होता. मला त्यांना समजावून सांगणं भाग होतं. बाजारासाठी काढायचा तर वायूत निदान 0.3 टक्के हेलियम लागतो. बंगालमधल्या बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांच्या वायूत तो एक टक्क्याहून जास्त आहे, टांझानियात दहा टक्क्यांपर्यंत सापडला. इथला आकडा त्या पंगतीत बसणारा नाही.

आणि हा नुसता आकड्याचा प्रश्न नाही. हेलियम साठायला वर झाकण लागतं, घट्ट. जी बोअर दिवसातून दोनदा श्वास घेते, ती सांगते की इथलं झाकण वरच्या अंगाला चाळणीसारखं आहे. खालून येणारा हेलियम या हवेत मिसळून विरतो. शिवाय 900 फूट म्हणजे 274 मीटर. किल्लारीचा अंदाज धरला तर बोअरचा तळ अजून बेसाल्टमध्येच असणार. ग्रॅनाइटला ती पोहोचलेलीच नाही. खाली काय आहे, याबद्दल ती होकारही देत नाही आणि नकारही.

काकांनी सरळ विचारलं, "म्हंजे जमीन जात न्हाई आन् पैसाबी येत न्हाई." मी म्हणाले, "नाही काका, दोन्ही नाही. पण तुमची बोअर पाणी पिऊ शकते. जेवढी हवा सोडते, तेवढी जागा आत रिकामी आहे." मग तासभर बोलणं झालं ते हेलियमचं नव्हतंच. बोअरभोवती खड्डा, त्यात मोठे दगड, वर खडी, वर वाळू, केसिंगला भोकं पाडून जाळी, शेतातलं पाणी गाळून आत. गढूळ पाणी सोडलं तर भेगा बुजतील, म्हणून गाळणीत कसूर करायची नाही. आणि तोवर तोंडाला घमेलं चालणार नाही, लेकरं खेळतात, लोखंडी टोपण वेल्ड करून घ्या. टोपण त्यांनी त्याच आठवड्यात बसवलं. खड्डा मृगाच्या आधी खणला.

अहवालावरून आमच्यात वाद झाला. वरिष्ठांना "हेलियमची नोंद मिळाली" हे वाक्य पहिल्या पानावर हवं होतं, पैसा लावणाऱ्यांना धीर येतो म्हणून. मी तिथे लिहिलं की या ठिकाणची हवा वातावरणीय दाबामुळे आत-बाहेर करते, हेलियमची वाढ किरकोळ आहे, आणि त्यावरून साठा मानता येणार नाही. ज्या कारखानदारांना उद्या सिलिंडर मिळाला नाही की काम थांबवावं लागतं, त्यांनाच खोटी आशा दाखवायची, हे मला पटेना. बरीच बोलाचाली झाली, पण माझं वाक्य कायम राहिलं. तांब्याच्या नळीत दोन्ही टोकं दाबून बंद केलेला एक नमुना समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या, तपासणीला पाठवला आहे, त्यातला हेलियम पृथ्वीच्या कवचाच्या खडकातला की आणखी खोलवरचा ते कळेल. पुढचे बिंदू आम्ही किनवटकडे, उनकेश्वरच्या गरम झऱ्याच्या बाजूला घेतले आहेत. आणि प्रत्येक ठिकाणी आता आधी बॅरोमीटर लावतो, सकाळी दहाला एक नमुना घेतो आणि दुपारी चारला दुसरा.