तुम्ही विचारलंत म्हणून: पार्लरवाली डबी उलटी का करते

"क्रीमवरच पोट भरता आणि गड्ड्याच्या जत्रेत भिंग घेऊन क्रीमच्याच डब्या वाचत बसता. स्वतःच्या पोटावर पाय कशाला?" नणंदेनं विचारून झालं, घाऊक मालवाल्यानं विचारून झालं. परवा एका मुलीनं भुवया करून घेता घेता विचारलं. माझ्या दातात दोरा. उत्तर काय देणार? तेव्हा ते इथे देते.

क्रीमशी माझं वैर नाही. मी स्वतः लावते, केसांना काळी मेंदीही लावते आणि तिच्यात नुसती मेंदी नसते हे मला पक्कं ठाऊक आहे. माझं म्हणणं इतकंच, की डबीत काय आहे ते डबीवर लिहा.

"लिहिलेलं असतंच की ओ," असं म्हणणाऱ्यांनी घरातली सगळ्यात लहान ट्यूब काढून बघावी. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत घटकांची यादी छापायला सांगितलीय, जास्त असेल ते आधी अशा क्रमानं. पण त्याच नियमाला एक शेपूट आहे: घट्ट माल 30 ग्रॅमपेक्षा कमी किंवा पातळ माल 60 मिलीपेक्षा कमी असेल, तर यादी नसली तरी चालतं. काही कंपन्या तरीही छापतात, त्यांचं कौतुक आहे. पण आमच्या सोलापुरात अशोक चौकाकडची विड्या वळणारी बाई पन्नास ग्रॅमची ट्यूब घेते का? ती घेते दहा-वीस रुपयांची. म्हणजे यादी मिळण्याचा हक्क मोठी ट्यूब परवडणाऱ्यांना, आणि तीही इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. केसांच्या डायमध्ये पीपीडीसारखं (केस काळे करणारं, कातडीला त्रास देऊ शकणारं) रसायन असेल तर सावधगिरीची सूचना स्थानिक भाषेतही द्यावी लागते. मग मराठीत छापायला जागा नसते, हे कसं पटवून घ्यायचं?

हे झालं भाषणातलं उत्तर, पाठ झालेलं. खरं उत्तर 2017 च्या उन्हाळ्यातलं आहे.

तेव्हा मी एक नाईट क्रीम वापरायची. पांढरी प्लास्टिकची डबी, झाकणावर पेनानं लिहिलेलं 'स्पेशल', बाकी कोरी. माल देणारा म्हणायचा, "गिऱ्हाइकाला रंग पाहिजे ताई, यादी नव्हे." आणि रंग यायचा, खोटं कशाला बोलू? आठ-दहा दिवसांत चेहरा उजळायचा. माझं नाव झालं ते त्या डबीवर.

फेब्रुवारीत एक बाई पोरीला घेऊन आल्या. लग्न मेमध्ये. आई विड्या वळायची, नखांच्या कडा तंबाखूनं पिवळ्या. पोरगी सावळी, नितळ कातडीची. आता आठवते तेव्हा वाटतं, हिला काय उजळायचं होतं? मी एक डबी दिली, रोज रात्री लाव म्हटलं. लग्नात पोरगी अशी दिसली की मांडवातनंच मला दोन नव्या ऑर्डरी मिळाल्या.

लग्नानंतर क्रीम संपली, तिनं लावायचं सोडलं. जूनमध्ये आई एकटीच आली. पोरीचा चेहरा लालभडक झाला होता. गालावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा, कपाळभर पुळ्या, ओठांवर लव. चुलीपुढे बसवत नव्हतं, उन्हात जाववत नव्हतं. त्वचेच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडचा संशय घेतला होता आणि नाव आणायला सांगितलं होतं.

"काय होतं ओ अक्का त्यात? डॉक्टर नाव मागालेत."

बाईंनी पिशवीतनं डबी काढली. तीच माझी पांढरी डबी. घासून-पुसून त्यात कुंकू भरलं होतं. फेकून कशाला द्यायची, चांगलं झाकण होतं म्हणाल्या. तपासायला कणभर क्रीम उरली नव्हती.

माझ्या ड्रॉवरमध्ये त्याच मालाची दुसरी डबी होती. न फोडलेली. माझा गुडघा त्या ड्रॉवरला टेकला होता.

"संपली," मी म्हटलं. "नाव मलाही माहीत नाही." दुसरं वाक्य खरं होतं. त्या खऱ्या वाक्याच्या आडून मी पहिलं खपवलं. संध्याकाळी डबी फोडून सगळी क्रीम मोरीत सोडली. हाताला बराच वेळ गुळगुळीत लागत राहिली.

तेव्हाची मी आजच्या मला म्हणते, तू थोडीच बनवली होतीस? सगळ्याच पार्लरांत चालायचं. तुलाही कुणी सांगितलं नव्हतं. हे खरंच आहे. पण ती डबी डॉक्टरांपर्यंत गेली असती तर निदान काय लावलं होतं ते कळलं असतं. ते मी कळू दिलं नाही, कंपनीनं नव्हे. पुढे मार्च 2018 मध्ये सरकारनं 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बातमी वाचून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याचाच राग आला.

आमचे हे नेमकं बोट ठेवतात. "तुझ्या त्या डबीवर लेबलच नव्हतं. यादीचा नियम कितीही कडक केला तरी तिला काय फरक पडणार?" मुद्दा बिनतोड आहे. 2023 मध्ये केरळात मलप्पुरमकडे गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यानं किडन्या बिघडल्याच्या केस आल्या, तिथल्या औषध खात्यानं 'ऑपरेशन सौंदर्य' नावानं धाडी घातल्या. पारा घालणारा माणूस पारा लिहील कशाला? 2014 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं 32 फेअरनेस क्रीम तपासल्या, 14 मध्ये पारा निघाला. अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला आपल्याकडे मनाई आहे.

यावर मला सुचलेलं एवढंच. कायदेशीर लहान ट्यूबसुद्धा कोरी असते, म्हणून कोरी डबी आम्हाला खटकत नाही. प्रत्येक दहा रुपयांच्या ट्यूबवर यादी असती, तर ती 'स्पेशल' डबी हातात घेताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असतं. वाटलं असतं का? आठ दिवसांत रंग येत होता आणि भाडं थकलं होतं. माहीत नाही.

घरगुती मालवाल्या बायकांशीही माझं यावरूनच वाजलं. दिवाळीत बचत गटाच्या उटण्याच्या पाकिटावर हळद, कचोरा, नागरमोथा, वाळा असं सगळं झोकात लिहिलेलं आणि शेवटी 'सुगंध'. कसला सुगंध, विचारलं. "दुकानातनं आणतो की, घरचंच आहे." दुकानातनं आणलेलं घरचं कसं, असं मी विचारायला नको होतं, पुढच्या प्रदर्शनात त्यांनी टेबल लांब मांडलं. मोठ्या कंपन्याही 'परफ्यूम' एवढ्या एका शब्दावर भागवतातच. युरोपात ॲलर्जी करणारी 26 सुगंधी द्रव्यं ठरावीक प्रमाणापलीकडे असतील तर 2005 पासून नावानिशी लिहावी लागतात, आणि 2023 मध्ये ती यादी ऐंशीच्या पुढे गेली.

यंदाच्या गड्ड्यात होम मैदानावर मी नेहमीसारखी भिंग घेऊन बसले होते. त्याच बाई आल्या. केस पिकलेले, नखांच्या कडा तशाच पिवळ्या. पिशवीतनं 25 ग्रॅमची ट्यूब काढली. "नातीसाठी घेतलेय. वाचा की अक्का."

मी फिरवून फिरवून वाचलं. किंमत, बॅच नंबर, मुदत.

"लिहिलेलं नाही," मी म्हटलं. मराठीत यादी छापा, या मागणीचा सह्यांचा कागद पुढे केला. बाई हसल्या. "मला तेलुगूच येतंय, ते पण अक्षर जोडून जोडून." तरी अंगठा न देता तेलुगूत सही केली, सावकाश.

ड्रॉवरचं मी त्यांना तेव्हाही बोलले नाही. हे त्या वाचणार नाहीत. पोरगी मराठी शाळेत शिकली आहे.