केस अजून चालूच आहे का?

हो, चालू आहे. 2017 मध्ये अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा लावला, 2023 मध्ये निकाल लागला आणि धडक देणाऱ्या टेम्पोची विमा कंपनी अपिलात गेली, म्हणून चालू आहे. ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बायका विचारतात, "ताई, मिळाले का हो पैसे?" त्यांना मी हसून घालवते. पण ज्यांच्या घरात नुकतंच कुणीतरी प्लास्टरमध्ये पडलंय, ते संध्याकाळी फोन करतात, "साधारण किती दिवस लागतात?" त्यांना घालवता येत नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

अपघात फार सांगत बसत नाही. गाडी नवरा चालवत होता, मी मागे. टेम्पोने उडवलं, माझं उजवं मनगट गेलं. बस.

उशीर कोर्टामुळे होतो, असं मीही म्हणायचे. पूर्ण खरं नाही ते. सुरुवातीचा बराच काळ हातानेच खाल्ला. प्लेट बसवली, मग काढली, मग फिजिओथेरपी. हात सुधारत सुधारत कुठे येऊन थांबतो ते कळल्याशिवाय अपंगत्वाचा दाखला मिळत नाही, आणि दाखल्याशिवाय नुकसानीचा आकडा मांडायचा कशावर? नंतर टेम्पोमालकाला समन्स. आरटीओच्या कागदावर ज्याचं नाव, त्याने टेम्पो कधीच विकलेला. बेलिफ 'सदर पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा मारून परत. मग डॉक्टर. दाखला नुसता जोडून भागत नाही, समोरच्याने मान्य केला नाही तर डॉक्टरांनी येऊन तो शाबीत करायचा असतो, आणि त्यांचं ऑपरेशन नेमकं आपल्या तारखेला. न्यायाधीशांची बदली. 2020 मध्ये तर कामकाजच ठप्प. यात धरून बदडावा असा एकही माणूस नाही. असता तर त्याच्यावर चिडून मोकळी तरी झाले असते.

"पण व्याज मिळतं ना?" मिळतं. दावा दाखल केल्या तारखेपासून, सरळव्याज, सहा-सात-नऊ टक्के, जे लावतील ते. ऑपरेशनसाठी मी पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या, तिथलं व्याज मात्र दरमहा जात होतं, निकालाची वाट न बघता. व्याजाचं सांगणाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघावेत.

आता उलटतपासणीचं सांगते, कारण माझ्या लेखी सगळी केस त्या एका दुपारी झाली. साल 2022.

सरतपासणीच्या, म्हणजे आपली बाजू मांडणाऱ्या साक्षीच्या, शपथपत्रात मी लिहिलं होतं, की मी ब्लाऊज शिवते, आधी कटिंग स्वतः करायचे, आता मुठीत जोर नाही, कापड आणि अस्तर एकावर एक ठेवून कात्री चालत नाही. उत्पन्नाचा पुरावा म्हणून मापाच्या वह्या दिल्या होत्या. छाती, कंबर, मुंढा, बाही, खाली शिलाईचा आकडा, त्यातून ॲडव्हान्स वजा. कंपनीच्या वकिलांनी वही उघडली. गृहस्थ सभ्य होते, एकदाही आवाज चढवला नाही. यावर गिऱ्हाइकाची सही आहे का? नाही. पावतीपुस्तक? नाही. टायपिस्टने उतरवलं, 'हे म्हणणे खरे आहे की, मी आयकर विवरणपत्र भरत नाही.' मग ते नवऱ्यावर आले. खड्डा चुकवायला त्यांनीच गाडी एकदम उजवीकडे घेतली ना? 'हे म्हणणे खोटे आहे की...' तोही साक्षीदार, म्हणून बाहेर बाकावर बसवलेला. आत काय विचारलं, हे घरी जाताना त्याने दोनदा विचारलं. मी वह्यांचं सांगितलं.

आणि शेवटी, वही मिटता मिटता, "दुकान आज चालू आहे?"

"आहे."

"म्हणजे तुम्ही आजही शिवणकाम करता?"

काय उत्तर द्यायचं याचं, तुम्हीच सांगा. 2017 मध्ये विचारलं असतं, तर मी डाव्या हाताने जेवत होते, वेणी सासूबाई घालत होत्या. पण इतकी वर्षं कोण रिकामं बसेल? मी कटिंगला एक मुलगी ठेवली. सरळ शिलाई माझी, कटिंग तिचं, हूक-काजं बाहेर देते. तिचा पगार माझ्याच शिलाईतून जातो. एवढं सगळं सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "बाई, हो की नाही, एवढंच."

"हो."

'हे म्हणणे खरे आहे की, मी आजही शिवणकाम करते.' खाली माझी सही, उजव्या हाताची, वाकडी. आमच्या वकिलांनी फेरतपासणीची, म्हणजे मला पुन्हा प्रश्न विचारायची, परवानगी मागून त्या मुलीचं एक वाक्य घालून घेतलं. एक वाक्य.

लवकर साक्षीला उभी राहिले असते, तर हात ताजा होता पण दाखला नव्हता. उशिरा उभी राहिले, तर दाखला होता पण मी सावरले होते, आणि ते सावरणंच कंपनीचा पुरावा झालं. "किती दिवस लागतात" याचं उत्तर मी महिन्यांत देत नाही ते यासाठी.

कायद्याला हे कळत नाही असंही नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालय 2010 मध्येच सांगून बसलंय, की अवयवाचे टक्के वेगळे आणि कमाईचे टक्के वेगळे, माणूस काय काम करतो ते बघा. उदाहरण घ्या. कमाई महिना 10,000 धरली, वय 38. सर्वोच्च न्यायालयाच्याच सरला वर्मा निकालातल्या (2009) तक्त्याप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाची कमाई वयाप्रमाणे जितक्या पट धरतात तो आकडा, 15. दाखल्यावरचे 22 टक्के तसेच उचलले तर 3,96,000. कमाईचं नुकसान 40 टक्के मानलं तर 7,20,000. भविष्यातली वाढ, दवाखान्याची बिलं, वेदनेबद्दलची रक्कम निराळी. माझी रक्कम ही नाही, आणि ती मी सांगणारही नाही. पण भांडण असतं ते 22 आणि 40 च्या मधलं, आणि त्या मध्येच वर्षं जातात.

"मग लोकअदालतीत का नाही मिटवलं?" हा प्रश्न मला सर्वांत जास्त लागतो. 2019 मध्ये बसले होते मी त्या टेबलासमोर. कंपनीने ठेवलेला आकडा 22 च्या हिशोबाच्याही खालचा होता. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, आज सही केली की विषय संपला, हे ते सांगत होते आणि ते खरंच होतं. मी उठले. तेव्हाची मी म्हणायची, सही करणारे घाबरट. शेजारच्या टेबलावर एका बाईंनी सही केली. नवरा गेलेला, दोन मुलं, शाळेची फी थकलेली. तिला काय म्हणणार होते, थांबा, कायदा तुमच्या बाजूने आहे? मला थांबणं परवडलं कारण घरात एक पगार येत होता. तेव्हाच्या माझ्या हातात 2023 चा निकाल असता, तर हे ऐकवणाऱ्याच्या तोंडावर मी तो कागद फेकला असता, की बघ, 22 च्या वर गेलेच ना! गेले खरे. आणि मग अपील झालं. आता बोला.

ज्यांच्या घरी प्लास्टर ओलं आहे त्यांच्यासाठी. 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली आहे. तिच्यावर सर्वोच्च न्यायालयात वाद गेलाय, पण त्या भरवशावर बसू नका. दावा आपण राहतो तिथेही लावता येतो. बिलं मूळ ठेवा. आणि तुमचं काम हाताचं असेल, तर त्या हाताने आता काय होत नाही ते आजपासून तारखा घालून लिहा. नंतर तुम्हालाच आठवणार नाही, कारण तोवर तुम्ही दुसरी युक्ती शोधलेली असेल.

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून नवा प्रश्न सुरू झालाय, "आता लवकर लागेल ना?" बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येईल तेव्हा कळेल. मध्ये कंपनीने तडजोडीचं पुन्हा विचारलंय. नवरा म्हणतो घे, मी म्हणते नको. गेल्या महिन्यात तो नको म्हणत होता आणि मी घेऊया म्हणत होते.